मेंदूचा तोतया

मी मेंदू बोलतोय! भलेभले डॉक्टर ज्याच्यापुढे डोकं खाजवतात, तो साक्षात मेंदू!

बरं बाबा, नाही. मी रक्तातला एक कण. प्लेटलेट म्हणतात मला. सुईच्या टोकावर आम्ही शेकड्यांनी बसू. शिक्षणही अर्धवट. बहुतेक पेशींची सगळी विद्या त्यांच्या केंद्रकात असते, मला ते मिळालंच नाही. मंजुळाच्या छातीच्या हाडात एका थोराड पेशीचा तुकडा मोडला, तोच मी. आज माझा नववा दिवस. माणसांचा दहावा मेल्यावर करतात. आमच्यात दहाव्यापर्यंत पोचला तोच म्हातारा. तेव्हा वयाकडे बघून जरा मान द्या.

माझा धंदा चिकटायचा. कुठे कापलं की धावायचं आणि भोक बुजवायचं. पण माझ्या हयातीत मंजुळाचं बोट एकदाही कापलं नाही. बरं वाटलं ना ऐकून? वाटून घेऊ नका. ही बाळकुमची कोळीण, बाजारात मासळी विकणारी, आणि चार महिने तिनं कोयता हातात धरलेला नाही. आमच्यात पिढ्यानपिढ्या सांगत आलेत, गिऱ्हाइकानं पापलेटला नाक मुरडलं, तर ती त्या नाकाचाच भाव करायची. आता टोपली रिकामी, तोंड बंद. झोप नाही, भूक नाही.

"नाटकं हायेत सगली," तिची नणंद सगुणा म्हणायची. ही तिच्याच वयाची, बाजारात शेजारीच बसणारी. "काम नको, म्हनून तोंड शिवलंय बायनं."

एक्क्याण्णव साल. दोघी ठाण्यातल्या एका इस्पितळात आल्या. डॉक्टर प्रमोदिनीनं मंजुळाला तपासलं, गोळ्या लिहून दिल्या आणि आपल्या अभ्यासासाठी थोडं रक्त मागितलं. मंजुळानं नुसती होकाराची मान डोलावली.

सगुणा उसळली, "अवो डॉक्टरीनबाय, बिघार डोक्यान नि सुई दंडान? दर्यान होरी फुटली तर जालं शिवता काय?"

प्रमोदिनी हसली. "मेंदूचा तुकडा काढून थोडाच बघता येतो, ताई? मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप पाठवतात. त्यातल्या एका निरोपाचं नाव सेरोटोनिन. तो घ्यायला त्यांच्या अंगावर कड्या असतात. तशाच काही कड्या रक्तातल्या या कणांनाही आहेत. इथली कडी वाजवून बघायची नि तिथला अंदाज बांधायचा."

ऐकलंत? तोतया झालो मी! मेंदूचा तोतया! सेरोटोनिन मी स्वतः बनवत नाही हो. ते आतड्यात बनतं, मी जाता-येता खिसे भरून घेतो. पण कड्या मात्र अस्सल! म्हणून माझे लाड बघा. काचेला चिकटतो म्हणून प्लास्टिकची नळी. थंडीनं बिथरतो म्हणून फ्रिज नाही. वर लॅबवाल्याला ताकीद, "हलवू नका हं." जन्मात पहिल्यांदा कुणी मला इतकं जपलं.

रक्त काढून झालं होतं, नळी टेबलावरच होती. सगुणा त्या नळीकडे बघत म्हणाली, "मंग आता कागदावर येल ना, खरं हाय का नाटक?"

मंजुळाची मान वर आली. तिलाही तोच कागद हवा होता.

"नाही," प्रमोदिनी म्हणाली. "पुष्कळ जणींचं रक्त बघून काही उमगलं तर उमगेल. एकीचा निकाल यातून लागत नाही. पण आजार आहे, हे मी सांगते ना. गोळ्यांना चार आठवडे द्या."

मंजुळाची मान पुन्हा खाली गेली. मी एवढा निलाजरा, पण मलाही लाज वाटली. तोतया तो तोतयाच, साक्षीला उभा राहू शकत नाही.

"आणि तुलनेला त्याच वयाच्या धडधाकट बाईचंही रक्त लागतं," प्रमोदिनी म्हणाली. "सगुणाताई, तुम्ही द्याल?"

सगुणाचा हात झटकन पदराखाली गेला. "मी? मना काय झायलंय? मना सुई बगूनच घेरी येते!"

नाटक, दुसरं काय!

आता रक्तातून वेगळं काढायला मला लॅबच्या चक्रात घालून गरगर फिरवतील. मंजुळा पुन्हा बाजारात बसेल, तेव्हा मी नसेन. जाता जाता एवढंच मागतो: दिसत नाही म्हणून कुणाचं दुखणं खोटं ठरवू नका. मी तरी तुम्हाला कुठे दिसतो?

पण थांबा, गप्प बसा जरा. चार महिन्यांनी मंजुळाचं तोंड उघडतंय.

"द्या ना आक्का हात. एकटीनंच किती दिस नाटक करू?"