उलटं हसू

"बाबा, तुमच्या गाण्यात मध्येच हा आवाज कसला हो? लोक इथे कमेंटमध्ये एकमेकांच्या झिंज्या उपटतायत. कुणी म्हणतं बदक, कुणी म्हणतं कुरकुरणारं दार."

सूनबाईने मोबाइल शिलाई मशीनवर ठेवला. गाण्यातली गिटार शेवटाकडून सुरुवातीकडे चालली होती. मशीन दुरुस्त करणारा म्हातारा स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून गालातल्या गालात हसला. साठच्या दशकात, केस खांद्यापर्यंत आणि अक्कल गुडघ्यात असताना, चौघा मित्रांनी काढलेलं हे एकुलतं एक सायकेडेलिक, झिंगल्यासारखं गाणं. तेव्हा ते नातेवाइकांनीसुद्धा ऐकलं नव्हतं. आता म्हणे कुठकुठले हौशी लोक त्यावर जीव टाकत होते.

"बदक काय म्हणतेस! तुझी सासू आहे ती."

"आँ?"

"स्टुडिओत टायपिस्ट होती. मी ऐटीत वाजवत असताना तार तुटली आणि नाकावर बसली. ही दारात उभी, खो खो हसत. सगळं टेपवर आलं. मग आमच्या ड्रमवाल्या गाढवाने टेप उलटी लावली, आणि ती उलटीच आम्हा चौघांना आवडली. तशीच तबकडी काढली!"

"म्हणजे सुलटं कधी ऐकलंच नाहीत?"

"तबकडी बोटाने उलटी फिरवून पाहिली की. सुया मोडल्या. शेवटी तिनेच ती माळ्यावर टाकली. म्हणाली, मी जिवंत हसतेय ना समोर!"

खरंच होतं ते. ती होती तोवर तबकडीची कुणाला पडली होती? ती गेल्यावर कळलं, घरात फोटो ढीगभर, पण आवाज कुठेच नाही. त्या हसण्यासाठी म्हाताऱ्याचा जीव तुटायचा. बोलायचा मात्र नाही.

सूनबाईने मोबाइलवर जरा खुडबुड केली. "ऐका आता."

गिटार सुलटी झाली, आणि इतकी बेसुरी निघाली की म्हाताऱ्याने कानांवर हात ठेवले. "अरे देवा! उलटीच बरी होती!"

तेवढ्यात टण्णकन तार तुटली आणि ती हसली. तीच. मध्येच श्वास अडकून पुन्हा सुरू होणारं तिचं हसू. पाठोपाठ म्हाताऱ्याचाच तरुण, चिडका आवाज आला, "हसता काय? आधी दार लावा!"

म्हाताऱ्याचे कानांवरचे हात खाली आले. मग सूनबाईने न सांगताच ते पुन्हा लावलं.

दुकान बंद करायच्या वेळी तिने विचारलं, "बाबा, दार लावू?"

"राहू दे जरा उघडं," तो म्हणाला, आणि सुईत दोरा ओवायला बसला.