काळ्या ठिपक्याची साक्ष

मी लोखंडाचा एक कण बोलतोय. तुमच्या एका केसाच्या जाडीत माझ्यासारखे हजारो शेजारी शेजारी उभे राहतील. त्यामुळे मला कुणी खिजगणतीत धरत नाही. न धरोत.

रसायनशाळेतल्या बाईंनी मला काचेच्या चंबूत घडवलं. अंगावर साखरेच्या साखळ्यांचा झगा चढवला आणि त्यावर एक प्रथिन चिकटवलं. कर्करोगाच्या गाठीच्या पेशी नेमक्या ओळखणारं. "वाटेत कुणाशी गप्पा मारत बसू नकोस, बाळा," त्या म्हणाल्या.

एका शिंपीणबाईंच्या शिरेतून आमची स्वारी निघाली. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या छातीतली गाठ काढली होती. ती पुन्हा उगवलीय का, एवढंच पाहायचं होतं. माझी बहुतेक भावंडं यकृतातच अडकली. आम्ही थोडेच जुन्या टाक्यांपाशी पोचलो. तिथे मुगाएवढी गाठ दबा धरून बसली होती. आम्ही तिची मानगूट पकडली.

दुसऱ्या दिवशी शिंपीणबाईंना एमआरआयच्या बोगद्यात सरकवलं. आमच्या लोखंडानं तिथून यंत्राला मिळणारा संदेश विझवला आणि चित्रात काळा ठिपका उमटला.

मोठ्या डॉक्टरांची हयात उजळ ठिपके शोधण्यात गेलेली. म्हणाले, "शिंपीण ना? टाचणी राहिली असेल अंगावर, धातूचा असाच काळा डाग पडतो. सहा महिन्यांनी बघू."

सहा महिने! गाठीला तेवढे पुरले असते. मी ओरडलो, पण कणाचं ऐकतो कोण?

शिंपीणबाई मात्र उसळल्या. "चाळीस वर्षं टाचण्या तोंडात धरून शिवतेय, डॉक्टर. एकसुद्धा हरवली नाही. अंगावरचा हा झगाही तुमचाच. तो बदला, मला झाडून घ्या नि घाला परत त्या भोकात!"

घातलं. ठिपका तसूभर हलला नाही. मग डॉक्टरांनी आम्ही शिरेत शिरण्याआधीचं, कालचं चित्र शेजारी लावलं. तिथे ठिपकाच नव्हता.

"चुकलं माझं, बाई."

"ते राहू द्या. काढता कधी, ते बोला."

चौथ्या दिवशी गाठ निघाली, आजूबाजूला पसरण्याआधी. तिच्यासोबत मीही.

आता तिचा पातळ काप काचेवर आहे आणि मी त्यात. आमचं लोखंड दिसावं म्हणून आम्हाला निळं रंगवलंय. उजळेल तेच खरं मानणाऱ्यांनो, काळंही वाचायला शिका. तिकडे शिंपीणबाईंचं शिलाई मशीन पुन्हा सुरू झालंय म्हणे. इथे गाठ मेलीय. मी अजून तिची मानगूट सोडलेली नाही.