भाताचं मैदान

ते पत्र मोझांबिकच्या भरती-ओहोटीवरच्या जाड पुस्तकात आहे, हे एलिदियोंना सात वर्षं ठाऊक होतं. म्हणूनच सात वर्षांत त्यांनी ते पुस्तक उघडलं नव्हतं. आज त्यांनी ते फळीवरून ओढलं. पत्र चटकन सापडलं.

'साहेब, तुमच्या नकाशातलं मोकळं मैदान आमची भातखाचरं आहेत. पुरात माणसांना भातात जमवणार का? उत्तर द्यावं. फेलिझार्डा.'

ते तेव्हा पालिकेत नगररचनाकार होते. नकाशावर सही होऊन गेली होती, आणि आयुष्यभर प्रत्येक गोष्टीत शंका काढणाऱ्या या माणसाला नेमकी ही शंका वरिष्ठांपुढे मांडवली नाही.

सकाळी पालिकेत काम करणारी पुतणी नेउझा शहराचा नवा आराखडा दाखवून गेली होती.

"काका, पूर-वादळाचा सगळा भाग तुमच्याच नकाशावरून घेतलाय. शुक्रवारी मंजुरी. प्रस्तावनेत तुमचं नाव आहे, बघा तरी!"

त्यांनी नाव पाहिलं नाही. हिरवा चौकोन पाहिला. संकटकाळी जमण्याची जागा. तोच.

पत्र खिशात घालून ते वस्तीत गेले. फेलिझार्डा अंगणात उखळात भात कांडत होती. तिने मान वर केली.

"अगंबाई, ऑगस्टवाले साहेब! थकलात हो."

"ऑगस्टवाले?"

"मोजणीला ऑगस्टातच येता ना तुम्ही सगळे? कापणी झालेली, जमीन खडखडीत, बूट स्वच्छ. मार्चात, पावसाने खाचरं भरलेली असतात तेव्हा, कुणी फिरकत नाही."

एलिदियोंनी बुटांकडे पाहिलं. स्वच्छ होते.

"मधल्या त्या मोठ्या वादळात तुम्ही... मैदानात गेला होतात?"

"मी कशाला जाते? आम्ही जुनी माणसं शाळेच्या गच्चीवर गेलो." मुसळ दोनदा पडलं. "नव्याने राहायला आलेले गेले तुमच्या पाटीप्रमाणे. पाटी छान होती, हिरवी. गळाभर पाण्यात उभे राहिले उजाडेपर्यंत. ज्यांची उंची पुरली ते."

एलिदियो उखळाजवळच्या पाटावर बसले. त्यांनी खिशातून पत्र काढलं.

"याचं उत्तर द्यायला आलोय, बाई. तुमचं बरोबर होतं. तेव्हाही मला वाटलं होतं, बरोबर असावं."

"वाटलं होतं?"

"हो."

फेलिझार्डाने कमरेला गुंडाळलेल्या कापुलानाच्या टोकाला हात पुसले, पत्र उलटसुलट पाहिलं आणि परत त्यांच्याच हातात ठेवलं.

"अक्षर बरं होतं की माझं. उत्तर लिहून द्या, साहेब. तोंडचं कोण धरतं?"

"उद्याच आणून देतो."

"मला कशाला? मला उत्तर माहीतच होतं."

घरी येऊन त्यांनी तीन कागद फाडले. चौथ्यावर लिहिलं: 'प्रिय फेलिझार्डाबाई, ते मैदान नाही, भात आहे. मोजणी आम्ही कोरड्या दिवसांत केली. तुमचं पत्र मला वेळेवर मिळालं होतं आणि मी ते लपवलं. जमण्याची जागा शाळेची गच्ची असावी. नवा आराखडा या दुरुस्तीशिवाय मंजूर होऊ नये. प्रस्तावनेतलं माझं नाव काढावं.' खाली सही केली. सोबत तिचं मूळ पत्र ठेवलं. पाकिटावर पत्ता पालिकेचा लिहिला. पाठवणाऱ्याच्या जागी आधी तिचं नाव, मग स्वतःचं.

पोस्टातल्या बाईने पत्ता वाचला आणि ती हसली.

"आजोबा, पालिका समोरच्या वळणावर आहे. आज टाकलं तर उद्या, गुरुवारी पोचेल म्हणा. पण हातोहात नेऊन द्या ना, तिकीट तरी कशाला?"

"नको. रजिस्टर करा," एलिदियो म्हणाले. "सहीची पोच हवी. हातात दिलेलं पत्र पुस्तकात ठेवता येतं."

तिला काही कळलं नाही. तिने शिक्का मारला आणि पाकीट मागच्या थैलीत टाकलं.