एक नाव जास्त

सुप्रियाने ‘शोधा’वर बोट दाबलं आणि शेजारी बसलेला ऋषिकेश लगेच उठून उभा राहिला.

“कुठे निघालास?”

“चहाले. शोध लावला का मी खाली चहा पिऊन येतो, ताई. तवरक येते नाव.”

त्याचं बोलणं ऐकून तिला हसू आलं आणि मग आपल्या हसण्याची लाज वाटली. पांढुर्ण्याच्या या रक्तदाता मंडळाची खोली भैय्याजींच्या औषधांच्या दुकानावर, माडीवर होती. एक संगणक, दोन फोन, भिंतीवर जुनं कॅलेंडर. कुठल्याही दवाखान्यातून फोन आला की ऋषिकेशने रक्तगट टाकायचा आणि दाता सापडला की त्याला कळवायचं. तिकडे कुणाचा जीव टांगणीला लागलेला असायचा आणि इकडे हा पोरगा चहात बिस्किट बुडवत बसायचा. त्याचा तरी काय दोष? शोध रखडायचा तो रखडायचाच.

“मागच्या गोटमारीले एक माणूस हातचा गेला,” भैय्याजी तिला म्हणाले होते. “मशीननं नाव सांगतलं, पण लय उशीर झाला होता. तू उत्तमभाऊची पोर. नागपूरले हेच काम करतं न तू? आमचं येवढं करून दे.”

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीत जाम नदीच्या दोन काठांवरून दगड चालतात. डोकी फुटतात, रक्त लागतं. पोळा तोंडावर आला होता. सुप्रिया सुट्टीवर सौंसरला आईकडे आलेली. नाही म्हणणं तिच्याच्याने झालं नाही. तिचे बाबा या मंडळाचे अगदी सुरुवातीपासूनचे दाते. सौंसरच्या पाणीपुरवठ्यात पंप चालवायचे आणि बोलावणं आलं की कामाच्या कपड्यांतच रक्त द्यायला जायचे. दोन वर्षांपूर्वी मोहगावच्या रस्त्यावर अपघातात गेले.

खोट सापडायला वेळ लागला नाही. ज्याने हे बनवलं त्याने भलताच घोळ घालून ठेवला होता. नुकतंच रक्त दिलेला माणूस पुन्हा बोलवायचा नाही, हे पाहायला प्रत्येक नावागणिक रक्तदानाच्या सगळ्या नोंदी पहिल्यापासून चाळल्या जात. पुस्तकाला मागे सूची नसावी आणि एका शब्दासाठी दर वेळी सगळं पुस्तक वाचावं, तसा प्रकार. तिने नोंदींना सूची जोडली. संगणकाला विचारायचा प्रश्न नव्याने लिहिला. भैय्याजी वेळोवेळी नावांपुढे ‘मयत’ अशी खूण करत, पण जुना शोध ती खूण बघतच नव्हता. तशी नावं वगळायची अट घातली. मग ‘शोधा’ दाबलं. पापणी लवायच्या आत नावं समोर.

“अरे बाप रे!” ऋषिकेश म्हणाला. “मंग आता चहा कवा प्याचा?”

तिच्या धंद्यात एक रीत असते. शोध कितीही पळू लागला तरी जुन्या उत्तराशी नवं उत्तर ताडून पाहायचं. उत्तर चुकत असेल तर तो वेग काय चाटायचा? तिने दोन्ही शोध शेजारी शेजारी लावले. नव्याचं उत्तर केव्हाच आलं. सूची जोडल्यामुळे जुनाही झपाझप चालला, आणि शेवटाला आल्यावर एका जागी थांबला. थांबण्याचं काही कारण उरलं नव्हतं. आतल्या खोलीतून कुणी उठून यायला वेळ लावावा, तसा थांबला. मग संपला.

ओ निगेटिव्हला जुन्याचं एक नाव जास्त होतं. उत्तम सोमकुवर, सौंसर.

तिच्या बाबांचं नाव. मयतांची अट तिनेच घातलेली, तेव्हा हे नाव गळणारच, हे तिला कळत होतं. तिने त्या नावाच्या नोंदी उघडल्या. भैय्याजींनी केलेली ‘मयत’ची खूण होती. आणि त्या खुणेच्या पुढच्या तारखांचं रक्तदान होतं. एकदा नव्हे, अनेकदा. शेवटचं याच उन्हाळ्यातलं.

“ऋषिकेश, हे तू भरलंस?”

त्याने वाकून पाहिलं. तो मंडळात येऊन वर्षच झालं होतं. सुप्रियाचं आडनाव विचारायचं त्याला कधी सुचलं नव्हतं.

“हाव. हे लय पक्के आहेत, ताई. कोनी नाई भेटलं तरी हे येतेच. फोन बाई उचलते. म्हनते, सांगतो त्याईले. मंग दवाखान्यातून फोन येते का माणूस येऊन गेला. चहासुद्धा घेत नाईत म्हने. बिस्किटाचा पुडा खिशात टाकते अन् चालले.”

सुप्रियाने स्क्रीन बंद केली. बाबा तो पुडा कधीच खात नसत. तो तिच्यासाठी घरी यायचा.

संध्याकाळी ती सौंसरला घरी पोचली तेव्हा तिची आई, वत्सलाबाई, अंगणात मेथी निवडत होत्या. खिडकीत बाबांचा जुना बटणांचा फोन चार्जिंगला लावलेला. हा फोन तिला रोज दिसत होता. आईची माया सुटत नाही म्हणून असेल, असं समजून तिने कधी विचारलं नव्हतं.

“आई, बाबांच्या फोनवर कोणाचे फोन येतात?”

“पांढुर्ण्याचे. रक्ताचे.”

“मग तू काय सांगतेस?”

“काय सांगन? निरोप देतो त्याईले.”

“कोणाला?”

आईने मेथीची काडी मोडली. समोरच्या खोलीत बुद्धाच्या मूर्तीशेजारी बाबासाहेबांचा फोटो होता, आणि त्याखाली बाबांचा. वत्सलाबाईंनी नवऱ्यामागे कसलाही विधी करू दिला नव्हता. भूतखेत, आत्मा असं कुणी बोललं की त्याला दारातूनच वाटेला लावणारी बाई.

“आई, आपण असलं काही मानत नाही.”

“मी कुठं मानून राह्यली? फोन आला तं निरोप देनं आपलं काम. दारात उभी राहून सांगतो, अन् चुलीपाशी जाऊन बसतो. मांगं वळून पाहात नाई.”

“का पाहत नाहीस?”

“त्याईले आवडत नसे. रक्त द्याले निघाले का कोनी टोकलेलं चालत नसे.”

सुप्रियाला रडू फुटलं आणि रागही आला. आईचा राग, त्या फोनचा राग, शोधात आपणच घातलेल्या त्या अटीचा तर फारच. पाणी प्यायला म्हणून ती आत गेली. फळीवरचा तिच्या खाऊचा डबा उघडायचा नाही असं ठरवूनही तिने उघडला. आत बिस्किटांचे छोटे पुडे एकावर एक नीट लावलेले होते. तिने झाकण घट्ट बसवलं आणि डबा फळीवर परत ठेवला.

गोटमारीच्या दिवशी ती ऋषिकेशबरोबर माडीवर बसली. नदीकडून आरोळ्या येत होत्या. दवाखान्यांचे फोन खणखणत होते आणि नवा शोध मागितलेलं नाव चुटकीसरशी देत होता. भैय्याजी दोनदा वर येऊन तिची पाठ थोपटून गेले. दुपारी सौंसरहून एका दवाखान्यातून नर्सचा फोन आला. रामाकोना गावची बाळंतीण, मानसी नाव. बाळ सुखरूप होतं, आईचं रक्त थांबत नव्हतं. ओ निगेटिव्ह पाहिजे, नागपूरहून यायला उशीर होईल, तोवर बाई टिकायची नाही.

नव्या शोधाने एकच नाव दिलं. ऋषिकेशने तो फोन लावला आणि त्याचा चेहरा पडला.

“त्याच्याच डोक्याले टाके पडून राह्यले, ताई. नदीवर गेलता.”

तिने पुन्हा शोधलं. उत्तर तितक्याच तत्परतेने आलं. आणखी कोणी नाही. फोनवर ती नर्स “हॅलो, हॅलो” करत होती.

“ऋषिकेश, चहा घेऊन ये.”

“आता? या वक्ती?”

“जा म्हणते ना!”

तो गोंधळून खाली गेला. तिने जुना शोध काढला. तो पुसून टाकायला तिचा हात धजला नव्हता. रक्तगट टाकला आणि ‘शोधा’ दाबलं. नावं सरकली, सरकली, आणि शेवटी तो त्याच जागी थांबला. तिने घाई केली नाही. हात मांडीवर ठेवून ती वाट बघत राहिली. लहानपणी दारात उभी राहून बघायची, तशी. आणि नाव आलं.

तिने घरी, बाबांच्या फोनवर फोन लावला.

“आई, मी बोलते. मंडळातून.” तिचा आवाज फुटला. “सौंसरलाच, बाळंतीण आहे. लवकर.”

पलीकडे आईने फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला. पावलं दारापर्यंत गेली. आई काहीतरी बोलली. ते नीट ऐकू आलं नाही. मग ती परत आली.

“सांगतलं. चपला घालून राह्यले.”

फोन चुलीपाशी गेला असावा, कारण भांड्यांचा आवाज येऊ लागला. सुप्रिया कान लावून ऐकत राहिली. लांबून अंगणाचं फाटक वाजलं, बाबा लावायचे तसंच, दोनदा. तिने फोन ठेवला.

ऋषिकेश दोन कप सांभाळत वर आला.

“भेटलं कोनी?”

“हो. निघालेत.”

“कोन?”

“माझे बाबा.”

“तुमचे बाबा?” तो आनंदून गेला. “मंग आधी नाई सांगाचं, ताई! दवाखान्यात कळवतो मी, का माणूस येऊन राह्यला.”

“कळव.” तिने डोळे पुसले आणि चहाचा कप जवळ ओढला. “आणि म्हणावं, चहासाठी आग्रह नका करू. ते घेणार नाहीत. बिस्किटाचा पुडा तेवढा द्या.”