क्लेमची डाव्या अंगाने फुगलेली हॅट

क्लेम फेन्सम शिडीवरून पडला तो मार्चमध्ये. ल्यूटनच्या इस्पितळातून घरी आला मे महिन्यात. डाव्या कानाच्या वर कवटीचा बशीएवढा तुकडा डॉक्टरांनी काढून टाकला होता आणि तिथे आता नुसती कातडी होती. डोक्याला ऊन लागू द्यायचं नाही आणि त्या जागेवर दाब पडू द्यायचा नाही, एवढंच पथ्य. पण ऊन टाळायचं तर टोपी हवी, आणि कुठलीही टोपी घातली तरी दाब नेमका तिथेच पडायचा. त्यामुळे क्लेम घरातच बसून राहिला. टेकडीखालच्या त्याच्या भाजीच्या वाफ्यात वालाच्या वेलींना काठ्या लावायच्या राहून गेल्या होत्या. तो दिवसातून दहा वेळा खिडकीशी जाऊन उभा राहायचा.

त्याची बायको एडना बाजारातून गव्हाच्या काडाची एक स्वस्त हॅट घेऊन आली. किटलीच्या वाफेवर धरून ती डावीकडून फुगवायला गेली, तर काड तडकलं. ती हॅट शेगडीत गेली.

दुसरी आणली तेव्हा ती घेऊन एडना शेजारच्या टिल्कॉकबाईंकडे गेली. बाईंनी हॅटच्या कारखान्यात तेहतीस वर्षं शिलाई केलेली, आता बोटं वाकडी झाली होती. त्यांनी हॅट उलटसुलट करून पाहिली आणि सांगितलं की फुगवून काही व्हायचं नाही. हॅट म्हणजे काडाची एकच लांब वेणी, मधोमध सुरू करून गोल गोल शिवत नेलेली. सगळी उसव, वेणी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेव आणि पहिल्यापासून शीव.

"मापाला काय घेऊ? घरात वाडगा आहे पुडिंगचा," एडनाने विचारलं.

"वाडग्याला घालायची आहे का हॅट?" बाई म्हणाल्या. "नवऱ्याचं डोकं घे."

एडना घरी आली, पण उसवलेली वेणी दिवसभर तशीच ओल्या फडक्यात पडून राहिली. खरी गोष्ट अशी होती की इस्पितळातून आल्यापासून तिने त्या जागेला हात लावला नव्हता. केस विंचरताना ती तेवढी बाजू सोडून द्यायची. झोपतानाही ती आता पलंगाच्या दुसऱ्या अंगाला झोपत असे. क्लेमला ते कळलं होतं आणि त्याला कळलंय हे तिलाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने त्याला स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवलं. आधी कपाळ मोजलं, मग उजवी बाजू. डावीकडे आली आणि हात थांबला.

"दुखत नाही गं," क्लेम म्हणाला. "तू लांब राहतेस ना, ते जास्त लागतं."

एडना जवळ सरकली. तिने दोन बोटांनी त्या खळग्याची कड हळूहळू चाचपली. कातडी गरम होती आणि खाली नाडी उडत होती. कुठे हाड संपतं आणि कुठे पुन्हा सुरू होतं, ते तिने खडूने त्याच्या डोक्यावरच आखलं. क्लेम म्हणाला की खडूने आखून घ्यायला मी काय कोटाचं कापड आहे का? तेव्हा तिला हसू आलं.

मग वाडग्यावर टॉवेल गुंडाळून तिने त्याच्या डोक्याचं माप बसवलं. डाव्या बाजूला लोकरी मोज्याचा बोळा टाचला, म्हणजे हॅट तिथे फुगीर राहील आणि आत पोकळी राहील. ओली वेणी मधून सुरू करून ती एकेक फेरा शिवत गेली. पहिले दोन दिवस टाके घट्ट बसून वेणी चुरगळायची आणि उसवावी लागायची. दोरा ओढायचा नाही, नुसता बसवायचा, हे टिल्कॉकबाई रोज कुंपणावरून सांगत. आत तिने मऊ फ्लॅनेलची पट्टी लावली, पण डावीकडे चार बोटं जागा मोकळी सोडली. सहा दिवसांनी हॅट झाली. एका बाजूने सूज आल्यासारखी दिसत होती.

बाईंनी ती पाहून सांगितलं की नववा फेरा वाकडा आहे, कारखान्यात परत पाठवली असती. मग पुन्हा एकदा बोटांनी चाचपून म्हणाल्या, "पण घालायला सांग त्याला."

क्लेमने घातली. डोकं इकडे हलवलं, तिकडे हलवलं, खाली वाकून बुटाची नाडी बांधली. मग मागच्या दाराने वाफ्याकडे निघाला.

शेजारच्या वाफ्यावरच्या इझ्रा गुर्नीने विचारलं म्हणे, हॅटवर कोण बसलं होतं? क्लेमने सांगितलं, बायकोने डोक्यावर आखून शिवली आहे, तुझ्या बायकोला विचारून बघ शिवेल का.

तो तीन तासांनी परतला. वालाला काठ्या लागल्या होत्या आणि त्याची मान मागून उन्हाने लालबुंद झाली होती. फुगवट्यात वेणी जास्त गेली, म्हणून मानेवर येणारा हॅटचा मागचा काठ अरुंद राहिला होता. एडनाने त्याच्या मानेला ताक चोळलं, चोळता चोळता हात वर डाव्या कानापर्यंत नेला आणि काठाला आणखी किती फेरे लागतील ते मोजलं. सोमवारी ती वेणीसाठी आणखी एक हॅट आणायला बाजारात गेली.