नावं घालून मिळतील

विजयसिंह इंगवल्याने पितळेचा हंडा गाडीच्या पुढच्या सीटवर बसवून आणला होता, आणि त्याला पट्टाही लावला होता. वजनदार वस्तू बिनपट्ट्याची ठेवली की त्याची ती नवी पांढरी गाडी टुंटुं करून डोकं उठवते. तेव्हा हंडा पोटावर आडवा पट्टा घेऊन, पाहुण्यासारखा ऐटीत पेठेत आला. गल्लीतल्या बायकांनी पाहिलं, क्रांतीनेही दारातून पाहिलं, आणि हंडा ओळखू आल्याबरोबर तिच्या कपाळाची शीर उडायला लागली. हाच हंडा तिने गेल्या आठवड्यात स्वतःच्या हाताने विकला होता.

विजयसिंह तिचा थोरला दीर. चप्पल न काढता तो आत आला आणि हंडा फरशीवर आदळला.

"ह्यावर काय लिवलंय, वाच."

"पाठ हाय मला," क्रांती म्हणाली.

पाठ नसायला काय झालं. हंड्याच्या गळ्याभोवती ठसठशीत अक्षरं होती, 'विजयसिंह गणपतराव इंगवले यांजकडून सप्रेम भेट'. तिच्या लग्नात दिला होता. अक्षरं एवढी मोठी, की माणसाने हंडा भेट दिला की नाव भेट दिलं असा प्रश्न पडावा. घेणारीचं नाव मात्र त्यावर कुठेच नव्हतं.

"माझ्या नावाची वस्तू जुन्या भांड्याच्या दुकानात बाहेर मांडून ठेवलीवती," विजयसिंह म्हणाला. "पलीकडच्या पार्टीच्या पोरानं फोटो काढून ग्रुपवर टाकला. दादांची सप्रेम भेट, आता स्वस्तात. निवडणूक तोंडावर आलीया, मी ह्याच पेठेतनं उभा ऱ्हायलोय, आणि तुम्ही माझं नाव बाजारात मांडतासा?"

इथे मागचं थोडं सांगायला हवं, नाहीतर वाटेल की बाई भांडखोर आहे. भांडखोर ती आहेच. पण तिला तसं केलं कुणी, तेही कळायला हवं.

विजयसिंहाने उचगावजवळ हायवेला गार्डन हॉटेल काढलं होतं. कारंजं, प्लॅस्टिकची हरणं, झोपाळे, सगळा थाट पतसंस्थेच्या कर्जावर. कर्जाला जामीन हवा होता. तो कागद घेऊन धाकट्या भावाकडे आला आणि भावाने, म्हणजे क्रांतीच्या नवऱ्याने, न वाचता सही ठोकली. आईबापांनी नाव सम्राट ठेवलेलं, पण दादासमोर 'न्हाय' हा एवढासा शब्द त्याच्या तोंडातून जन्मात कधी निघाला नव्हता. शिरोलीच्या फाउंड्रीत दिवसभर तापलेल्या लोखंडापुढे उभा राहणारा हा माणूस दादाने डोळे वटारले की विझून जायचा. हॉटेल दोन पावसाळे चाललं. मग विजयसिंहाने होतं नव्हतं ते बायकोच्या, वर्षाराणीच्या, नावावर केलं आणि हात वर केले. पतसंस्थेची माणसं जामीनदाराच्या दारात आली. तीन टप्प्यांत पैसे भरा, नाहीतर ह्या दोन खोल्यांना सील ठोकतो, असं त्यांनी सरळ सांगितलं.

हॉटेलात एकदा जेवायला तरी बोलवलं असतं मेल्याने. तेही नाही.

तेव्हापासून क्रांतीने घर पिळून काढलं. दूध अर्ध्यावर आणलं. बुधवार-रविवारचं मटण बंद झालं. रविवारी पातेल्यात नुसता कांदा-खोबऱ्याचा मसाला भाजायचा आणि त्यात बटाटे सोडून त्यालाच तांबडा रस्सा म्हणायचं. टीव्हीचा रिचार्ज गेला, लेकीचा, मोनाचा, कराटेचा क्लास गेला, आंघोळीचं पाणी गॅसवरून चुलवणावर गेलं. सम्राट वडापावाचे पैसे वाचवून कामावर भाकरी नेऊ लागला. पहिल्या टप्प्याला तिचं सोनं गेलं. दुसऱ्याला सम्राटची मोटरसायकल, शिलाई मशीन आणि कपाट. तिसरा टप्पा ह्या महिनाअखेरीला होता आणि विकण्यासारखी आता फक्त भांडी उरली होती.

त्या भांड्यांत एक कळशीही होती. तांब्याची, लहानशी. 'चि. क्रांतीस आई चिमणाबाईकडून' एवढंच तिच्यावर होतं. आई लक्ष्मीपुरीत भाजी विकायची. मेथीच्या जुड्या बांधून बांधून बोटं हिरवी झालेल्या त्या बाईने हप्त्याहप्त्याने ती कळशी घेतली होती. क्रांतीने ती हंड्याच्याही आधी विकली, दुसऱ्या एका मोडवाल्याकडे. तिला वाटलं होतं, तो ती तशीच फळीवर ठेवील. त्याने ती तिच्यासमोर आडवी केली आणि हातोड्याने चेपली, वजनाला पोत्यात मावावी म्हणून. तीन घावांत आईचं नाव घडी पडून आत गेलं. क्रांती पैसे घेऊन घरी आली आणि त्या रात्री जेवली नाही. चिमणाबाईच्या नावासाठी कुणी गाडी काढून धावत आलं नव्हतं.

आणि हा आला होता. हंडा पट्ट्यात बांधून.

"दादा, बसा की. चहा टाकतो," सम्राट म्हणाला आणि तिच्या डोळ्यांदेखत मोनासाठी ठेवलेलं वाटीभर दूध त्याने चहात ओतलं. क्रांतीने दात आवळले. ह्या माणसाला धरून आधी बदडावं की त्याच्या भावाला, हे तिला ठरवता येईना.

"भावजी, तुमचं कर्ज हाय ते," ती म्हणाली. "आमी भरतोय. तिसरा हप्ता तुमी भरा, हंडा जल्मभर पूजंला लावतो."

"कर्ज काय, आज हाय उद्या न्हाय. हात मोकळा झाला की बघू. नाव एकदा गेलं की गेलं."

"ह्यो हंडा सोडवायला हात मोकळा हुता वाटतं. किती दिलंसा?"

"त्यानं मागितलं त्याच्या दुप्पट फेकलं," विजयसिंह चहा फुंकत म्हणाला. "नावापुढं पैसा कोण बघतो? हंडा आता दर्शनी ठेव, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू दे. आणि घरात अडगळ काय थोडी हाय? ती विका. माझं नाव हाय ती वस्तू भाईर दिसली न्हाय पायजे."

गाडी गेली. क्रांती हंड्याकडे बघत बसली. कर्जाला पैसा नव्हता, नावाला दुप्पट होता. त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं.

"अवो," ती सम्राटला म्हणाली, "उद्या सुट्टी टाका. पोती उचलायला माणूस लागंल."

दुसऱ्या दिवशी घरातली उरलीसुरली भांडी पोत्यात भरून दोघं रिक्षाने पापाच्या तिकटीच्या अलीकडच्या दुकानात गेली. परात, घमेलं, डबे, पातेली, आंघोळीचा तांब्याचा बंब, आणि वर तो हंडा. दुकान उमरभाईचं. बाहेर पाटी होती: 'जुनी भांडी घेतली जातील. भांड्यांवर नावं घालून मिळतील.'

हंडा बघून उमरभाईने कपाळाला हात लावला. "वहिनी, परत? कालच तुमच्या दिरानं माझं दुकान डोक्यावर घेतलं."

"आज विकायला न्हाय आलो. आधी नावं घालायची हायत. सगळ्या भांड्यांवर."

"काय घालू?"

"मी सांगतो तसं घाला. विजयसिंह गणपतराव इंगवले यांचे कर्ज फेडण्यासाठी विकले."

उमरभाईने हातातलं नाव घालायचं मशीन खाली ठेवलं. सम्राट दुकानाच्या पायरीवर उभा होता, त्याने रस्त्याकडे तोंड फिरवलं.

"त्यात काय खोटं हाय काय, उमरभाई?"

"खोटं न्हाय," उमरभाई म्हणाला. "त्या हॉटेलाची भांडी माझ्याकडनंच गेलती. कढया, ताटं, सगळी. माझं बिल अजून यायचं हाय." मग त्याने परात पुढे ओढली आणि तिच्यावर बोट टेकवलं. "पण परात विकली हुतंय, बंब विकला हुतोय. परत्येकाला येगळं कुठं करू? 'विकणे आहे' घालतो. सगळ्याला चालतंय."

"घाला."

"अक्षरावर पैसे हायत, ठाऊक हाय न्हवं? वि. ग. इंगवले एवढंच घालूया. स्वस्तात पडंल."

वर्षभर जिने रुपयाला रुपया चिकटवून ठेवला होता, भाजीवाल्याकडे कोथिंबिरीच्या काडीसाठी हुज्जत घातली होती, त्या क्रांतीने पदराची गाठ सोडली आणि त्यातले पैसे गल्ल्यावर ठेवले.

"न्हाय. पुरं नाव घाला. बापासकट. आणि ठसठशीत, लांबनं वाचता आलं पायजे."

मशीन घुर्रर्र करायला लागलं. पितळेवर एकेक अक्षर उठत गेलं तसं क्रांतीला वर्षभरात पहिल्यांदा बरं वाटलं. हे बरं वाटणं काही फार चांगल्या मनाचं नव्हतं, आणि तिला त्याची लाजही वाटली नाही. हंड्यावरच्या 'सप्रेम भेट'च्या बरोबर खाली नवी ओळ बसली.

"आणि भाव?" उमरभाईने विचारलं.

"पैसे घिऊ नका. ज्याला न्यायची हायत त्यानं सगळी न्यायची, आणि पतसंस्थेत तिसरा टप्पा भरून पावती आणून द्यायची. पावती आली की भांडी त्याची."

उमरभाईने भांडी रस्त्याच्या बाजूला पायऱ्यांवर मांडली, मोठी मागे, लहान पुढे. शनिवारची संध्याकाळ होती, अंबाबाईला निघालेल्या माणसांची गर्दी होती. पहिल्यांदा एक बाई थांबली. तिने परातीवरचं वाचलं, मग डब्यावरचं, आणि तोंडाला पदर लावला. मग दोन कॉलेजची पोरं. मग कुणीतरी समोरच्या भिंतीवर लावलेल्या डिजिटल बोर्डाकडे बोट केलं. त्यावर विजयसिंह हात जोडून हसत होता आणि खाली लिहिलं होतं, 'शब्दाला जागणारा माणूस'. बोर्ड आणि बंब एका फोटोत मावत होते. लोकांनी तसे फोटो काढले.

सम्राटचा फोन वाजायला लागला. त्याने नाव बघितलं आणि फोन खिशात ठेवला. परत वाजला. परत ठेवला. घरापर्यंत खिसा थरथरत होता.

पतसंस्था सोमवारी उघडते. सोमवारी दुपारी उमरभाईचा फोन आला. "वहिनी, पावती आली. मी दोनदा वाचून घेतली. तुमचं दीर सगळं गाडीत घालून गेलं, माझं हॉटेलाचं बिलबी टाकून गेलं."

क्रांतीला वाटलं होतं, ही बातमी ऐकून आपल्याला रडू येईल. आलं नाही. तिला आठवली ती कळशी. पैसे ह्या माणसाकडे होते. आधीपासून होते. सोनं जाताना होते, मशीन जाताना होते, आईचं नाव हातोड्याखाली गेलं तेव्हाही होते. तिच्या छातीत राग नव्याने पेटला, आधीपेक्षा मोठा.

तेवढ्यात गाडी दारात आली. मागच्या सीटवर डबे, पातेली, घमेलं एकमेकांवर खडखडत होती आणि पुढे हंडा होता. विजयसिंह ह्या वेळी आत आला नाही. दारातूनच ओरडला, म्हणजे गल्लीला ऐकू जावं असाच ओरडला.

"सम्राट, भाईर ये. तुझ्या बायकोनं भर बाजारात माझं नाव घालवलं. ही असली भांडी घरात ठिवली तर वर्षाराणी मला उभा करंना. त्या उमरला पुसून दे म्हटलं तर पुसायलाबी अक्षरावर पैसे मागतोय. सांग तुझ्या बायकोला, भांडी घासून पुसून दे आणि माफी माग म्हणावं."

सम्राट बाहेर आला. तो नुकताच पाळीवरून आला होता, कामावरचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. त्याने दादाकडे पाहिलं, मग भांड्यांकडे.

"न्हाय," तो म्हणाला.

गल्लीतल्या बायकांना त्यात काही विशेष वाटलं नसेल. क्रांतीने मात्र मान वळवून नवऱ्याकडे बघितलं. मग ती उंबरा ओलांडून गाडीपाशी गेली आणि उघड्या खिडकीतून आत हात घालून तिने हंड्यावरच्या नव्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

"भावजी, माझ्या आईचं नाव हातोड्यानं चेपलं तवा कुणाचं कायबी गेलं न्हाय. आणि तुमचं नाव मी घालवलं न्हाय." तिने हात बाहेर काढला. "घातलंय. अक्षराला पैसे मोजून."

विजयसिंह काहीतरी बोलायला गेला, पण समोरच्या घरातल्या पोराचा मोबाईल वर आलेला त्याला दिसला. तो गाडीत बसला आणि दार आपटलं. घाईत हंड्याला पट्टा लावायचा राहून गेला होता, आणि गाडी गल्लीच्या टोकापर्यंत बोंबलत गेली.