आतलं हँडल

दातांच्या डॉक्टरांना कवळ्या करून देणं हा त्यांचा पोटाचा धंदा आणि सिनेमातली गाडी करणं हा जिवाचा. पोटाच्या धंद्यावरून नाव पडलं कवळीवाले, आणि ते त्यांनी खुशीने मिरवलं. "नक्कल करायला अक्कल लागते," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. नुसत्या हिरड्यांच्या साच्यावरून माणसाचे गेलेले दात कसे असतील हे ते सांगू शकत, मग एका गाडीची नक्कल म्हणजे काय मोठंसं, असं त्यांना सुरुवातीला वाटलं होतं. त्या वाटण्यापायी घरामागच्या शेडमध्ये उमेदीची वर्षं गेली. शेजारी हसले ते वेगळंच.

गाडी रुपेरी, दोन माणसांची, दोन सीटांच्या मध्ये ओलांडता न येणारा उंच कठडा, पोट जमिनीला घासेल इतकी बुटकी. लग्न ठरल्यावर दोघांनी जोडीने पाहिलेल्या पहिल्या सिनेमात ती होती. सिनेमा तसा बेताचाच. नायक चोर, नायिका भोळी, मध्ये नुसता पाठलाग. पण शेवटी नायक नायिकेला गाडीत बसवतो, दार लावतो आणि एकटाच पोलिसांच्या दिशेने चालायला लागतो. ती आतून काच बडवत राहते. तो थोड्या अंतरावर थांबतो, वळतो, हात वर करतो. बस्स, तिथेच सिनेमा संपतो. होणाऱ्या बायकोने डोळे पुसले आणि कवळीवाल्यांनी मनाशी ठरवलं की ही गाडी आपल्याकडे पाहिजे. दोघं एकाच पडद्याकडे बघत होते, पण एकीला बाई दिसली आणि एकाला गाडी. हे तेव्हाच कोणाच्या ध्यानात आलं असतं तर बरं झालं असतं.

खरी गाडी मिळणं म्हणजे आकाशाला गवसणी. म्हणून मोडीत निघालेल्या एका गाडीचा सांगाडा आणि इंजिन घेतलं आणि वरचं अंग फायबरचं करायला घेतलं. साचे काढायची सवय हाताला होतीच. कवळीचा साचा मुठीत मावायचा, हा भिंतीएवढा, इतकाच काय तो फरक. फायबरचा उग्र वासाचा चिकट रस, म्हणजे रेझिन, ओतायचं, वाळलं की घासायचं, पुट्टी भरायची, पुन्हा घासायचं. दरवाजाची एक कड सिनेमातल्यासारखी येईना म्हणून त्यांनी तो आख्खा दरवाजा तीनदा फोडून पुन्हा केला. घरातल्या नळाचा वायसर मात्र वर्षभर बदलला गेला नाही.

बायकोला दमा होता. आधी तो थंडीपुरता होता, मग शेडमधले वास स्वयंपाकघरात शिरायला लागले तसा बारमाही झाला. डॉक्टर म्हणाले, रंग आणि रेझिन घरापासून लांब ठेवा. कवळीवाल्यांनी भिंतीत पंखा बसवला. बसवला तो बसवला, पण तो वारा बाहेर टाकायचा की आत, हे दोन महिने कोणी पाहिलंच नाही. बायको चेष्टेवारी न्यायची. "सवत आणलीत ती आणलीत," ती म्हणायची, "पण तिचा नट्टापट्टा तरी बाहेर करा हो." आणि मग छातीशी हात धरून पंप तोंडात घ्यायची. हसता हसता तिला खोकला यायचा, की खोकला लपवायला ती हसायची, हे कवळीवाल्यांना शेवटपर्यंत नीट कळलं नाही.

एका गोष्टीत मात्र ती अडून होती. त्या गाडीत ती पाय ठेवणार नव्हती. गाडी चालायला लागली, रंग चढला, शेजारच्यांची पोरंसोरं आळीपाळीने बसून गेली, पण ती दारातूनच बघायची. कवळीवाल्यांचं सगळं घोडं तिथेच अडलं होतं. सिनेमात शेजारच्या सीटवर बाई होती. इथे सीट रिकामी होती, आणि ती रिकामी असेपर्यंत गाडी पुरी झाली असं त्यांना वाटेना. ती एकदा येऊन बसली आणि 'छान झालीय हो' म्हणाली, की एवढ्या वर्षांचं चीज झालं, असं त्यांनी धरून ठेवलं होतं.

सिनेमातल्या गाड्या करणाऱ्यांचं एक मंडळ होतं. सगळे वेड्यांचे भाऊ. त्यांचे म्होरके एक निवृत्त मास्तर. सिनेमा थांबवून थांबवून, एकेक चित्र निरखून बघायचे म्हणून त्यांना सगळे फ्रेमकाका म्हणत. एका संध्याकाळी फ्रेमकाका शेडमध्ये धापा टाकत आले.

"कवळीवाले, घात झाला! तिच्या बाजूच्या दाराला आतून हँडलच नाहीये."

"काय सांगता!"

"डोळ्यांनी पाहिलं. कॅमेरा बसवायला जागा हवी म्हणून शूटिंगवाल्यांनी काढून टाकलं असणार. काचही कुठे खाली केलेली नाही, चिकटवलेली दिसतेय."

कवळीवाल्यांनी दुसऱ्या दिवशी हँडल काढलं, भोक बुजवलं, त्यावर रेक्झिन ओढलं आणि काच पक्की बसवली. शूटिंगवाल्यांनी आपल्या सोयीसाठी केलेली तडजोड यांनी देवाचा शब्द मानून उतरवून घेतली. चहा घेऊन आलेली बायको दाराच्या त्या गुळगुळीत अस्तराकडे बघत राहिली.

"मग उतरायचं कसं?"

"मी आहे ना दार उघडायला. सिनेमाभर तोच नाही का तिला उघडून देत?"

"शेवटी नाही देत," ती म्हणाली.

कवळीवाल्यांना हसू आलं. बरंही वाटलं. इतक्या वर्षांनंतरही हिला सीन आठवतो, म्हणजे आत कुठेतरी हिलाही आवड आहेच, असा अर्थ त्यांनी काढला. माणसाला हवा तोच अर्थ काढता येतो, त्याला अक्कल लागत नाही.

त्या वर्षी मंडळाचा मेळावा जाहीर झाला, सगळ्यांत हुबेहूब गाडीला कप, आणि कधी नव्हे ते बायको म्हणाली, "येते मी."

कवळीवाल्यांच्या हातातली कवळी खाली पडता पडता राहिली. "खरंच?"

"किती दिवस सवतीचा दुस्वास करायचा? वय झालं आता. एकदा बसते, म्हणजे तुम्हीही सुटाल आणि मीही."

आनंदाने माणूस कसा होतो ते त्या आठवड्यात कवळीवाल्यांकडे बघून कळलं असतं. वास राहू नये म्हणून त्यांनी गाडीची दारं उघडी टाकून ती रोज उन्हात ठेवली. सीटवर तिच्या पाठीला बरं म्हणून उशी शिवून घेतली. सिनेमात उशी नव्हती, तरी घेतली. त्यांचं तिच्यावर प्रेम नव्हतं असं कोणी म्हणेल तर ते खोटं आहे. प्रेम होतं, फक्त ते सारखं शेडमध्ये असायचं.

मेळाव्याचं मैदान गाड्यांनी भरलं होतं. कवळीवाल्यांनी गाडी आपल्या जागेवर लावली. बायको पर्स मांडीवर घेऊन नीट बसली होती. तिने समोरच्या डॅशबोर्डवरच्या घड्याळांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "हात आहे हो तुमचा. हे मात्र मानलं." 'छान झालीय' नव्हे, पण त्याच्या जवळपासचं. कवळीवाले गडबडीने खाली उतरले.

तेवढ्यात फ्रेमकाका आले. त्यांनी मान तिरकी करून आत पाहिलं. "वहिनी, सगळं फक्कड जमलंय. फक्त ती पर्स... तिच्या मांडीवर पर्स नव्हती हो."

"हो की," कवळीवाले म्हणाले. त्यांनी तिच्या बाजूचं दार उघडलं. "दे, डिकीत ठेवतो."

"अहो, पंप आहे त्यात माझा."

"अगं, मी इथेच तर आहे. फोटो काढले की देतो."

तिने पर्स दिली. त्यांनी दार लावलं. दार असं मऊ लागलं, की त्या आवाजावर फ्रेमकाकांनी दाद दिली.

मग परीक्षक आले, समोरून फोटो काढायला सगळ्यांना लांब उभं केलं. शेजारी कोणाची तरी लांबलचक काळी गाडी होती. तिच्या मालकाने लोकांना ऐकवायला म्हणून इंजिन चढवलं, आणि निळसर धूर रुपेरी गाडीच्या खालून वर आला. हे कवळीवाल्यांनी पाहिलं. एवढा धूर म्हणजे त्याचं इंजिन तेल जाळतंय, असंही त्यांच्या मनात आलं. त्यापुढे मन गेलं नाही.

थोड्या वेळाने कोणीतरी ओरडलं, "अरे, बघा बघा! शेवटचा सीन!"

ती आतून काच बडवत होती.

गर्दी वळली. फोन वर झाले. "वा वहिनी!" "काय एक्स्प्रेशन आहे!" टाळ्या सुरू झाल्या. फ्रेमकाकांच्या डोळ्यांत खरंच पाणी उभं राहिलं. आणि कवळीवाले? त्यांना आयुष्यात कधी झाला नव्हता एवढा आनंद झाला. तिला आठवतंय. ती खेळात आली. इतकी वर्षं आपण एकटेच खेळत होतो, आज ती आली. ते दोन पावलं मागे गेले, सिनेमातल्यासारखे वळले आणि त्यांनी हात वर केला.

काचेमागे ती क्षणभर थांबली. तिने त्यांना पाहिलं होतं. मग तिचा हात काचेवरून घसरला.

तेव्हा कुठे कवळीवाल्यांच्या डोळ्यांनी आपलं काम केलं. सिनेमातली बाई दोन्ही पंजांनी काच वाजवते. ही एका मुठीने मारत होती. दुसरा हात खाली दारावर, जिथे हँडल असतं तिथे, रेक्झिन ओरबाडत होता. सिनेमातल्या बाईचे ओठ निळे नव्हते.

ते धावले. लोकांना वाटलं, सीन पुढे चाललाय. टाळ्या वाढल्या.

ती वाचली. दार उघडलं तेव्हा ती त्यांच्या अंगावरच कलंडली. पर्स काढायला डिकीची किल्ली सापडेना, मग कोणाच्या तरी साध्या घरगुती गाडीत घालून तिला दवाखान्यात नेलं. नळ्या लागल्या, निघाल्या. त्यांची परगावी दिलेली मुलगी आली आणि आईच्या उशाशी बसून राहिली. कवळीवाले दाराशी स्टुलावर बसायचे.

आवाज परत आला त्या दिवशी बायको त्यांच्याकडे बघून एवढंच म्हणाली, "तुम्ही हात केलात."

"मला वाटलं..."

"काय वाटलं?"

जे वाटलं होतं ते सांगण्यासारखं नव्हतं. आनंद झाला होता, हे कसं सांगायचं? मुलीने एकदा बापाकडे, एकदा आईकडे पाहिलं आणि ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. बायको रागावली असती, रडली असती तर त्यांना सोसलं असतं. ती रागावली नाही. त्यानंतर तिने त्यांच्याकडे पाणीसुद्धा मागितलं नाही, मुलीकडे मागितलं.

घरी आल्यावर ती एकही दार लावून घेईना. न्हाणीघराचंसुद्धा अर्धवट लोटायची आणि मुलीला बाहेर उभं करायची. डॉक्टर म्हणाले की या घरातली हवा तिला सोसणार नाही. तिने मुलीकडे जायचं ठरलं. किती दिवसांसाठी, हे कोणी बोललं नाही आणि विचारायचा हक्क आपल्याला उरलाय का, हे कवळीवाल्यांना ठरवता आलं नाही.

ते शेडमध्ये गेले. भंगारातून आणलेलं कुठल्याशा टॅक्सीचं काळं हँडल घेतलं, रेक्झिन फाडलं आणि दाराला आतून बसवलं. घाईत ते तिरकं बसलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तिरकं बसलेलं काम तसंच सोडलं. काच काढली ती बसवलीच नाही. आत बसून त्यांनी दार आतून उघडून पाहिलं, लावून पाहिलं. उघडत होतं. इतकं सोपं काम होतं, एका दुपारचं. ते त्या उशीवर डोकं टेकून लहान मुलासारखे रडले.

फ्रेमकाका येऊन गेले. परीक्षकांनी निकाल लावून टाकला होता, म्हणून त्यांच्या पिशवीत कवळीवाल्यांनी जिंकलेला कप होता. तो बाहेर काढायचा त्यांना धीर झाला नाही. जाता जाता त्यांची नजर हँडलवर गेली, तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

जायच्या दिवशी टॅक्सी दारात आली. मुलगी सामान ठेवत होती. बायको पर्स छातीशी धरून पायरीवर उभी होती. कवळीवाले जवळ गेले.

"मी हँडल बसवलंय," ते म्हणाले. "आतून. उघडतं."

"बरं केलंत," ती म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, हेच वाईट होतं. "कोणी बसलं तर उपयोगी पडेल."

ते टॅक्सीला वळसा घालून तिच्यासाठी दार उघडायला लगबगीने गेले. ते पोचेपर्यंत तिने स्वतःच उघडलं होतं. आत बसून तिने दार ओढून घेतलं, मग आतल्या हँडलवर हात ठेवून ते पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं.

"मावशी, नीट लागलंय दार," ड्रायव्हर म्हणाला.

"असू दे," ती म्हणाली आणि तिने ते आणखी एकदा उघडून पाहिलं. मग काच पूर्ण खाली केली. कवळीवाले हातभर अंतरावर उभे होते. तिने त्यांच्याकडे पाहिलं, म्हणजे त्यांच्या तोंडाकडे नाही, हातांकडे.

टॅक्सी निघाली. मुलीने मागे वळून हात केला. कवळीवाल्यांना तिला हात करायचा होता, पण त्यांचे दोन्ही हात खालीच राहिले.